गिअरबॉक्स उघडण्याआधी

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर घसरायला लागला की ते आधी कानाला कळतं. पाय दाबावा तसा इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर पळतो, गाडी मात्र त्या मानाने उचलत नाही. मग क्षणभराने आत काहीतरी पकडतं आणि पाठीला धक्का बसतो. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. बोरघाटाच्या चढावर, ट्रकच्या मागून बाहेर पडताना असं झालं तर पोटात गोळा येतो. गॅरेजात आल्यावर मालक ‘गाडी स्लिप मारते’ एवढंच सांगतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला उभ्या उभ्या उत्तर मिळतं: प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हे उत्तर पुष्कळदा खरं ठरतं, म्हणजे उघडल्यावर काळ्या पडलेल्या प्लेटा सापडतात. पण या कामात राहून माझं असं ठाम मत झालं आहे की जळालेली प्लेट सापडली म्हणजे दोष सापडला असं होत नाही. ती का जळाली, हे ज्या खुणांवरून कळतं त्यांतल्या बहुतेक खुणा गिअरबॉक्स गाडीत असताना, गरम असताना आणि फिरत असतानाच दिसतात. एकदा तो उघडून टेबलावर मांडला की तेलाची पातळी गेली, दाब गेला, तापमान गेलं, विजेचे संकेत गेले. उरतात ते निर्जीव भाग. म्हणून पाना हातात घेण्याआधीचे दोन-तीन तास हाच या दुरुस्तीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे फुकट समजला जातो.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद आधी टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. द्रवातून ताकद वाहून नेण्याची ही कल्पना जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये जहाजांसाठी मांडली होती. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून. त्यानंतर रचना खूप बदलल्या, पण मूळ गोष्ट तीच राहिली. तेलात भिजलेल्या पातळ प्लेटांचा गठ्ठा असतो, तेलाच्या दाबाने एक पिस्टन तो गठ्ठा आवळतो आणि गठ्ठा आवळला की त्या गिअरचे चाक फिरवले किंवा धरले जाते. मग गिअर घसरतो म्हणजे काय, तर गठ्ठा जेवढा आवळला आहे त्यापेक्षा जास्त जोर त्यावर आला. हे होण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. दाब मुळातच कमी तयार झाला, किंवा तयार झालेला दाब पिस्टनपर्यंत पोचेपर्यंत एखाद्या कडक झालेल्या सीलमधून गळून गेला, किंवा तेल बिघडल्यामुळे प्लेटांमधलं घर्षण बदललं, किंवा प्लेटांचं अस्तरच संपलं. यातली शेवटची वाट बहुतेक वेळा आधीच्या तिघींपैकी एकीचा परिणाम असते. अस्तर आपोआप संपत नाही. बराच काळ थोडं थोडं घसरत राहिल्यानेच ते संपतं.

पुढचं सगळं एका ओळखीच्या गिअरबॉक्सच्या आधारे मांडतो, कारण हवेत बोलून निदान शिकता येत नाही. मर्सिडीजचा पाच गतींचा ७२२.६ हा गिअरबॉक्स १९९६ पासून त्यांच्या अनेक गाड्यांत बसला. मर्सिडीज १९९४ मध्ये टेल्कोच्या जोडीने पुण्यात आली, त्यामुळे पुणे-मुंबई पट्ट्यातल्या जुन्या ई-क्लास गाड्यांच्या निमित्ताने इथल्या कारागिरांची या गिअरबॉक्सशी चांगली ओळख आहे. तो दणकट आहे, नीट राखला तर लांब चालतो, आणि म्हणूनच त्याच्यावर चुकीचे निकाल लादले गेले की वाईट वाटतं.

पहिली तपासणी तेलाच्या पातळीची, आणि इथेच पहिली अडचण. या गिअरबॉक्सला तेल तपासायची नळी आहे, पण मालकासाठी दांडी नाही. नळीच्या तोंडावर लॉक असलेलं झाकण आहे. खुणा केलेली दांडी हे गॅरेजचं हत्यार. पातळी खरी कळते ती इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये, गाडी सपाट जागेवर आणि तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असताना. थंड तेलावर पाहून ‘बरोबर आहे’ म्हणणं म्हणजे अंदाज. तेल तापलं की फुगतं, म्हणून थंड असताना भरपूर दिसणारी पातळी आणि तापल्यावर खरोखर हवी असलेली पातळी या वेगळ्या गोष्टी आहेत. तेल कमी असेल तर पंप वळणावर किंवा चढावर मधूनच हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसातली हवा दाबली जाते, म्हणून दाब टिकत नाही. म्हणजे कमी तेल आणि जास्त तेल दोन्हींची तक्रार एकच, घसरणं. घाटात पहिल्यांदा जाणवलेल्या घसरण्याकडे मी याच कारणाने लक्षपूर्वक पाहतो. घाटात जोरही वाढतो आणि गाडी कलतेही, त्यामुळे तिथे दिसलेला दोष प्लेटांचा आहे की पातळीचा हे वेगळं करावंच लागतं. थर्मामीटर आणि योग्य दांडी यांच्या जोरावर हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो, आणि तरी कितीतरी गाड्या तो न विचारताच उघडल्या जातात.

पातळीनंतर तेलाचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं. गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑइलसारखं फक्त वंगण नसतं. ते दाब वाहून नेतं, उष्णता वाहून नेतं आणि प्लेटा कशा पकडाव्यात हेही ठरवतं. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत या तेलांत स्पर्म व्हेलचं तेल घातलं जायचं, ते याच घर्षणाच्या गुणासाठी. म्हणून ‘लाल दिसतंय ना, चालेल’ म्हणून हाताला येईल ते तेल ओतणं हे प्लेटांच्या पकडीशी खेळणं आहे. रंगाबद्दल मात्र थोडं सबुरीने घ्यावं. काळपट तेल म्हणजे गिअरबॉक्स मेला असं नाही, पण काळपट आणि जळका वास दोन्ही एकत्र असतील तर आत बराच काळ घसरणं चाललेलं आहे. गुलाबी दुधासारखं तेल दिसलं तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून पाणी-कूलंट तेलात आलं आहे. कूलंटमधलं ग्लायकॉल प्लेटांचं अस्तर चिकटवणारा थर सोडवतं. अशा वेळी नुसत्या प्लेटा बदलून तोच रेडिएटर ठेवला, तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जाणार. थोडंसं ग्लायकॉल डोळ्यांना दिसत नाही, ते तपासायची चाचणी असते आणि ती करायला हवी, विशेषतः एका ठराविक वेगात रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल तर.

या गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल सुरुवातीला ‘आयुष्यभर पुरेल’ असं सांगितलं गेलं होतं. पुढे ६०,००० किलोमीटरवर तेल बदलण्याची सूचना आली. या बदलातून शिकण्यासारखं खूप आहे. तेल तापमानाने ऑक्सिडाइज होतं, आणि दर १० अंशांनी तापमान वाढलं की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, असा रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे. मे महिन्यातल्या मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, वारा न लागता, एसी चालू ठेवून तासभर सरकणारी गाडी आणि जर्मनीच्या मोकळ्या रस्त्यावरची गाडी यांच्या तेलाचं ‘आयुष्य’ एकच कसं असेल?

यानंतर विजेचा भाग. ७२२.६ मध्ये गिअर बदलण्याचे हुकूम एका नियंत्रण-पेटीतून येतात आणि १३ पिनांच्या एका जोडणीतून आत जातात. या जोडणीच्या ओ-रिंगा जुन्या झाल्या की तेल बाहेर झिरपतं, ते नुसतं खाली टपकत नाही, तर वायरीच्या आतून केशाकर्षणाने वर चढत नियंत्रण-पेटीपर्यंत पोचतं. त्याने जोडण्यांत अडथळे येतात, संकेत तुटतात, आणि आतल्या कंडक्टर प्लेटला बसवलेले वेगाचे सेन्सर चुकीचं सांगू लागतात. असं झालं की गिअरबॉक्स स्वतःला वाचवण्यासाठी आहे त्या गिअरवर अडकून राहतो, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की दुसऱ्या गिअरवर चालतो. मालकाच्या तोंडी याचंही वर्णन ‘गाडी उचलत नाही’ असंच येतं. जोडणी काढून आत तेल आहे का पाहणं हे काही मिनिटांचं काम. जोडणीचा हा भाग स्वस्त आहे. पण निदान न करता गिअरबॉक्स उतरवला गेला, तर ही स्वस्त चूक नव्या प्लेटांसह परत गाडीत बसते.

आता प्रत्यक्ष रस्ता. मालक ‘स्लिप मारते’ म्हणतो तेव्हा मी विचारतो, कोणत्या गिअरला? हा प्रश्न साधा वाटतो, पण निदानाचा कणा हाच आहे. ७२२.६ मध्ये तीन क्लच आणि तीन ब्रेक आहेत, आणि प्रत्येक गिअरसाठी त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या लागतात. के-२ नावाचा क्लच तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये काम करतो. पहिल्या, दुसऱ्या आणि मागे जाताना तो मोकळा असतो. बी-२ हा ब्रेक पहिल्या तीन गिअरना लागतो. मग गाडी पहिल्या-दुसऱ्याला खणखणीत पकडत असेल आणि तिसऱ्यापासून पुढे घसरत असेल, तर संशय के-२ वर आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर जातो. मागे जातानाही एक फुकटची चाचणी मिळते. एस आणि डब्ल्यू या बटणाप्रमाणे या गाडीत रिव्हर्सची दोन प्रमाणं आहेत. दोन्हींत बी-३ ब्रेक आणि के-३ क्लच समान आहेत, बाकीचे भाग बदलतात. दोन्हींत घसरत असेल तर बी-३ आणि के-३ कडे पाहायचं, एकातच घसरत असेल तर बदलणाऱ्या भागांकडे. सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल तर एकेका क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. मग पंप, फिल्टर, पातळी किंवा मुख्य दाब. हे कोडं रस्त्यावर दहा किलोमीटरमध्ये सुटतं. टेबलावर मात्र सगळेच क्लच थोडेथोडे झिजलेले दिसतात आणि मग सगळेच बदलले जातात.

स्कॅनर इथे खरा मदतनीस आहे, पण वाचणारा डोळस हवा. ‘पी ०७३०’ असा कोड आला की त्याचा अर्थ एवढाच, की मोजलेलं प्रमाण अपेक्षित प्रमाणाशी जुळलं नाही. का जुळलं नाही, हे कोड सांगत नाही. म्हणून प्रत्यक्ष आकडे पाहायचे. मोठ्या जोराच्या ७२२.६ मध्ये तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.४१ आहे. बाहेर पडणारा शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर टर्बाइन, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्सला फिरवणारं चाक, २८२० वर असायला हवं. ते ३१०० दाखवत असेल तर प्रमाण १.५५ झालं, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास घसरण. पण याच गिअरबॉक्सच्या लहान आवृत्तीत तिसऱ्याचं प्रमाण १.४९ असतं, त्यामुळे आपण कोणती आवृत्ती तपासतोय हे माहीत नसलेला माणूस धडधाकट गिअरबॉक्सला घसरका ठरवू शकतो. आणखी एक खाच म्हणजे या रचनेत बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग वेगळा मोजला जात नाही. तो मागच्या चाकांच्या एबीएस सेन्सरवरून काढला जातो. चाकाचा सेन्सर बिघडला, किंवा भंगारातून आणलेल्या नियंत्रण-पेटीत मागच्या धुरीचं प्रमाण चुकीचं नोंदलेलं असलं, तर गिअरबॉक्सचा काहीही दोष नसताना आकडे चुकतात. फरक ओळखायची खूण ही, की नोंद चुकलेली असेल तर सगळ्या गिअरमध्ये सारख्याच प्रमाणात चुकेल, आणि खरा क्लच घसरत असेल तर ठराविक गिअरमध्येच आणि पाय जास्त दाबल्यावर जास्त घसरेल.

इंजिन आणि टर्बाइन यांच्या वेगातला फरकही असाच समजून घ्यायचा. प्रमाण अगदी बरोबर असेल, पण इंजिन टर्बाइनच्या पुढे पळत असेल, तर घसरण गिअरच्या क्लचची नाहीच. ती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचची, म्हणजे इंजिन आणि टर्बाइन एकत्र धरणाऱ्या क्लचची, आहे. या गिअरबॉक्समध्ये लॉक-अप मुद्दामच थोडा सैल ठेवलेला असतो, गाडी मऊ चालावी म्हणून. म्हणून थोडा फरक दिसला की दोष समजायचं नाही, तो फरक स्थिर आहे की उड्या मारतोय ते पाहायचं.

दाबाची परीक्षा जुन्या, पूर्ण हायड्रॉलिक गिअरबॉक्सांत गेज लावून थेट करता येते आणि ती टाळू नये. ७२२.६ मध्ये एक सूचक गोष्ट वापरता येते. दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळाली नाही की दाब पूर्ण चढतो. बिघाड झाला तर क्लच जळू नयेत म्हणून रचनाकारांनी ती तशी ठेवली आहे. मग अडकलेल्या अवस्थेत, पूर्ण दाबावर, दुसरा गिअर घट्ट पकडत असेल आणि नेहमीच्या चालीत तोच घसरत असेल, तर प्लेटांत अजून दम आहे आणि शंका दाब ठरवणाऱ्या भागावर येते. ही चाचणी फक्त दुसऱ्या गिअरबद्दल आणि रिव्हर्सबद्दलच बोलते, के-२ बद्दल काही सांगत नाही, हे विसरायचं नाही. काही जण याऐवजी स्टॉल टेस्ट करतात, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण रेस द्यायची आणि इंजिन किती आरपीएमवर अडतं ते पाहायचं. पुस्तकात ती असते आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नये असंही लिहिलेलं असतं. आधीच घसरणाऱ्या जुन्या गिअरबॉक्सवर मी ती शक्यतो करू देत नाही. त्या पाच सेकंदांत सगळी ताकद तेलाच्या उष्णतेत जाते, आणि मिळतं ते फक्त पहिल्या गिअरबद्दलचं आणि रिव्हर्सबद्दलचं ज्ञान. बहुतेक तक्रारी वरच्या गिअरच्या असताना त्यासाठी एवढी किंमत का मोजायची?

याला आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला म्हणजे, शेवटी गिअरबॉक्स उघडायचाच असेल तर एवढे तास कशाला घालवायचे. माझं उत्तर असं, की उघडायचा की नाही हेच या तासांत ठरतं. आणि उघडायचाच ठरला तरी आत काय शोधायचं हे माहीत असतं. के-२ च्या सीलवर संशय असेल, तर उघडताना त्या क्लचच्या वाटेत हवेचा दाब देऊन पिस्टन हवा धरतो का ते ऐकता येतं. संशयच नसेल तर किट बदलून सगळं बंद होतं आणि पिस्टनला गेलेली बारीक चीर तशीच आत राहते.

दुसरा आक्षेप गॅरेजांत फार रुजलेला आहे: जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो मरतो. यामागचं निरीक्षण मी नाकारत नाही. तेल बदलल्यावर काही दिवसांत बसलेले गिअरबॉक्स असतात. पण ते तेल कधी बदललं गेलं, हे विचारायला हवं. बहुतेकदा घसरायला लागल्यानंतर, शेवटचा उपाय म्हणून. अस्तर संपलेलंच होतं, आणि तेलात तरंगणाऱ्या त्याच्या भुकटीमुळे थोडीफार पकड उरली असेल तर ती नव्या तेलाने गेली. मशीन लावून जोराने केलेल्या फ्लशमुळे जुनी घाण तेलाच्या वाटा उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत अडकली असंही होऊ शकतं. म्हणून खालचा तेलाचा चेंबर उतरवून, त्यात काय पडलंय ते पाहून, फिल्टर बदलून, योग्य प्रतीचं तेल मापात भरणं हे मला योग्य वाटतं. बारीक काळी भुकटी जुन्या गिअरबॉक्समध्ये असायचीच, तिला घाबरू नये. धातूचे तुकडे किंवा अस्तराचे कपटे दिसले तर मात्र तेल बदलून काही होणार नाही, आणि हे मालकाला तेल भरण्याआधीच सांगितलं पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात खरा आहे. वीस वर्षांच्या गाडीची किंमत आणि ओव्हरहॉलचा खर्च समोरासमोर ठेवले की मालक म्हणतो, भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवा. कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. एखादा ड्रम फुटला असेल, पंप झिजून गेला असेल, तर वापरलेला चांगला गिअरबॉक्स स्वस्त पडेल. पण मूळ दोष रेडिएटरमधल्या कूलरचा असेल, किंवा कूलरच्या नळ्यांत जुन्या प्लेटांची भुकटी साचली असेल, तर आणलेला गिअरबॉक्सही काही महिन्यांत त्याच अवस्थेत येतो आणि मालक दुसऱ्यांदा पैसे देतो. मग निदानाचे दोन-तीन तास महाग की दुसरा गिअरबॉक्स? हे तास बिलावर वेगळे लिहिले पाहिजेत आणि मालकानेही ते आनंदाने दिले पाहिजेत, कारण फुकट निदानाची किंमत शेवटी न लागणाऱ्या भागांच्या बिलातून वसूल होते. गरीब माणसाच्या जुन्या गाडीवर हे होतं तेव्हा मला ते अन्यायाचं वाटतं.

एवढं करूनही काही दोष बाहेरून कळत नाहीत. शाफ्टवरच्या सीलिंग रिंगांनी खोबणीत पाडलेली घळ, व्हॉल्व्ह बॉडीतल्या एखाद्या भोकाची झीज हे उघडल्यावरच दिसतं. तेव्हा प्लेटांची जाडी आणि गठ्ठ्यातला मोकळा गाळा मोजायचा, के-२ संशयित होता तर तिथे सगळ्यात आधी जायचं, आणि जे सापडलं ते रस्त्यावर दिसलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचं. जुळत नसेल तर थांबायचं, बंद करायचं नाही. जोडताना कूलरच्या नळ्या दोन्ही बाजूंनी धुवायच्या, १३ पिनांच्या जोडणीच्या ओ-रिंगा नव्या घालायच्या, तेल भरून ते ८० अंशांपर्यंत तापवून पुन्हा पातळी पाहायची. मग गाडी त्याच चढावर न्यायची, जिथे ती घसरली होती, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून स्कॅनरवर १.४१ टिकतो का ते शेवटच्या वळणापर्यंत पाहायचं.